चार, सात, नऊ

९ जानेवारी, मंगळवार

आली एकदाची! बारा पिंपं, थेट दक्षिण फ्रान्सहून. ट्रकवाला वाट चुकून डंगार्वन गावात चहा ढोसत बसला होता आणि आम्ही इथे पावसात ताटकळत. मॉसीनं पहिलं बूच उपटलं, मी नाक लावलं — मध, जर्दाळू, मनुका, संत्र्याची वाळकी साल. क्षणभर डोळेच मिटले. तळाशी घोटभर गोड वाइन अजून आहे. लाकूड सुकून तडकू नये म्हणून तिकडचे लोक तेवढी ठेवून देतात.

चौदा वर्षं आमची आयरिश व्हिस्की अमेरिकन पिंपांत निजली आहे. आता शेवटचे दहा आठवडे या गोड पिंपांत. जास्त ठेवली तर सरबत, कमी ठेवली तर सगळा खटाटोप फुकट. कधी काढायची ते मी सांगायचं. फर्गलनं सगळं या एका डावावर लावलंय. बोस्टनचं एकच गिऱ्हाईक सगळा माल उचलणार. फसलं तर गोदामाला कुलूप, हे तो मालक असूनही सगळ्यांसमोर बोलला.

सत्तावीस वर्षं मी या गोदामाचं नाक आहे. बाकीच्या बायकांना नवरे आहेत, नातवंडं आहेत. मला हे आहे. तक्रार नाही.

१० जानेवारी

मॉसी दिवसभर पिंपांवर टिचक्या मारत हिंडत होता. जेवतानाही गप्प. माझा भाऊ तसा नेहमीच गप्प, पण आजचं गप्प बसणं वेगळं होतं. विचारलं तर म्हणे, "बाराच्या बारा एकदम नको बघूस, ईटे. उद्या सावकाश एकेक बघ."

मला शिकवतो!

११ जानेवारी, गुरुवार

राग उतरलेला नाही अजून. लिहिते तरीही.

सकाळी गोदामात गेले तर तीन पिंपांवर खडूच्या फुल्या. चार, सात आणि नऊ. मॉसी फडक्यानं हात पुसत उभा.

"यांत गंधक आहे," म्हणाला. "वाइन पुन्हा आंबू नये म्हणून ते आत गंधकाची वात जाळतात. या तिघांत हात सैल सुटलाय त्यांचा. सडक्या अंड्यासारखा वास मारतोय. यांत व्हिस्की घातली तर तिची माती होईल."

मी नाक घातलं. चार — मध. सात — मध, थोडी बदामाची साल. नऊ — सगळ्यांत सुंदर! पुन्हा हुंगलं. बाहेर जाऊन वारा घेतला, परत येऊन हुंगलं. काही नाही. अंडं नाही, गंधक नाही.

"मॉसी, तू पिंपं बांध," म्हटलं. "वास मला घेऊ दे."

"ईटे, नाकानं कांदे सोलू नकोस. नीट हुंग."

सगळ्यांसमोर म्हणाला हे! टायगला पुढे ढकललं. टायग आमचा गोदामातला हमाल, सहा फुटी, सशाच्या काळजाचा. त्यानं नऊ नंबरात नाक घातलं, बाहेर काढलं आणि आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "ईटा म्हणते तेच." फर्गलला विचारण्यात अर्थ नाही. त्याचं नाक जन्मापासून चोंदलेलं, स्वतःचा मोजा पेटला तरी त्याला कळायचं नाही.

मग मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. "काय रे मॉसी, तळातली वाइन चाखलीस वाटतं?"

हशा पिकला. मॉसीचा हात कोटाकडे गेला, पिनेकडे. लाल हृदयाची ती पायोनियरांची, म्हणजे दारू न पिणाऱ्यांच्या मंडळाची, पिन बारा वर्षांचा असताना आईनं लावली होती त्याला, चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीच्या दिवशी. आयुष्यात दारूला शिवणार नाही ही शपथ. आमच्या बापाला तोवर दारूनं पुरतं खाल्लं होतं. आज एकोणपन्नास वर्षं झाली. व्हिस्कीच्या गोदामात जन्म काढला आणि जिभेला थेंब नाही. गाव त्याला 'कोरडा मॉसी' म्हणतं, पण टोपी काढून म्हणतं.

फर्गल हसला नाही. म्हणाला, "दोघांपैकी एक चुकतंय. मंगळवारी डब्लिनहून परका माणूस बोलावतो. तो सांगेल. आणि जो चुकला असेल त्याला मी ठेवू शकणार नाही. माफ करा, तुम्ही दोघंही मला घरच्यासारखे. पण बोस्टनवाल्यांना मी काय तोंड दाखवू?"

"बोलाव!" म्हटलं मी. "उद्याच बोलाव!"

मॉसी माझ्याकडे बघत राहिला नुसता. जसं एखाद्या फळीला बारीक चीर दिसल्यावर बघतो तसं.

१२ जानेवारी

घरात दोन माणसं, दोन किटल्या. त्यानं केलेला चहा मी घेतला नाही.

१३ जानेवारी, शनिवार

मॉसीचं काय बिनसलंय कळत नाही. सकाळची अंडी तोच करतो, आई गेल्यापासून. एकेक अंडं कपात फोडायचं, हुंगायचं, मग तव्यावर. आज मी पेपर वाचत होते तर मागून येऊन कप माझ्या नाकाखाली धरला.

"ताजं आहे का गं?"

मी पेपरातून डोळे न काढता हुंगलं. "ताजं आहे."

"नक्की?"

"अरे ताजं आहे म्हटलं ना! आता अंड्यावरूनही भांडायचंय का?"

तो तसाच उभा. मग मागच्या दारानं बाहेर गेला आणि कप कुंपणापलीकडे रिकामा केला. चांगलं अंडं! परत येऊन दुसरं फोडलं. माझ्यासमोर ताटली ठेवली आणि टेबलाशी बसला. बसतो कधी तो? उभ्यानंच खातो.

"ईटे, एक विचारू? हे तुझं नाक नसतं, तर तू काय केलं असतंस?"

"मेले असते," म्हटलं. "आणि मंगळवारी तू चुकलास की तू काय करणार त्याचा विचार कर."

मान हलवली त्यानं. स्वतःचं अंडं गार झालं तरी खाल्लं नाही.

मलाही वाईट वाटतंय. एकसष्टाव्या वर्षी कोण देईल त्याला काम? पण खोटं कसं बोलू? जे नाही ते आहे कसं म्हणू?

१४ जानेवारी, रविवार

देवा, हे काय झालं!

चर्चमध्ये अकराच्या मिस्सेला मॉसी आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. मिस्सा सुटली आणि पायरीवरच टायग धावत आला. गोदामात पोचले तर मॉसी नव्हता. पिंपं होती. फोडलेली. हातोड्यानं कडी उडवून, घणानं तळ फोडून. फळ्या जमिनीवर, आणि त्या गोड वाइनचा ओघळ दारापर्यंत आलेला. तीन पिंपं. चार, सात, नऊ.

पिंपं बांधणारा पिंप फोडत नाही! मोडकं पिंपसुद्धा तो उकलतो, फळ्या निवडून ठेवतो, कडी टांगून ठेवतो. मॉसीनं आयुष्यात कधी पिंपाला लाथ मारली नाही. बापानं एकदा मारली होती तर आठवडाभर त्याच्याशी बोलला नव्हता.

तिथून तो सरळ फर्गलच्या घरी गेला. फर्गल जेवायला बसलेला, बायकामुलं समोर. मॉसीनं टोपी काढली, खिशातून पिन काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाला — फर्गलनं मला शब्द न् शब्द सांगितलं — "मी प्यायलो. पिंपं आली त्या दिवसापासून तळातली पितोय. मला वास कसला यायचाय! ईटा बरोबर आहे. मी चिडून पिंपं फोडली. डब्लिनचा माणूस बोलावू नका, उगाच त्याला हेलपाटा."

फर्गलच्या बायकोला रडू फुटलं म्हणे. पिन टेबलावर ठेवणं म्हणजे काय ते तिला माहीत आहे.

संध्याकाळी तो घरी आला. मी विचारलं, "खरं?"

"हो."

"तीनच का फोडलीस? मी जिंकले हे बघवेना म्हणून? डब्लिनवाल्यानं हुंगायला काही उरूच नये म्हणून?"

"तसंच समज."

मी त्याला भित्रा म्हटलं. बापाचा मुलगा म्हटलं. हे शेवटचं बोलले तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

१५ जानेवारी

त्याला काढलं. गोदामात पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जागा नाही, हा फर्गलच्या आजोबांपासूनचा नियम. सव्वीस हत्यारं त्यानं गोणपाटात बांधून घरी आणली. फर्गलनं पिन पाकिटात घालून माझ्या हाती दिली. "मला नाही बघवत ती. तुम्ही ठेवा." मलाही नाही बघवत. पाकीट तसंच बंद, मेणबत्त्यांच्या खणात टाकलं.

१६ जानेवारी

उरलेली नऊ पिंपं भरली. मी जिंकले. कुणी अभिनंदन केलं नाही.

२ फेब्रुवारी

तिसरा नमुना. व्हिस्की आता वळायला लागली आहे. आधी धान्याची खरपूस चव, मग मागून हळूच मध येतो, घशाशी नाही, कानाशी आल्यासारखा. असं काम मी आजवर केलं नाही. घरी येऊन सांगावं असं माणूस एकच होतं. तो शेगडीपाशी पाठ करून बसलेला.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

फादर टूहींनी कपाळाला राख लावली. मॉसी रांगेत शेवटी, एकटा. त्याच्या मागेपुढे हातभर जागा मोकळी. मिस्सेनंतर फादरनी दारावरच्या पायोनियरांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. काळी रेघ, पट्टी धरून. मॉसी बघत उभा होता. फादर त्याला म्हणाले, "मॉसी, शपथ पुन्हा घेता येते. दोन वर्षं थेंब घेऊ नकोस, मग ये." तो म्हणाला, "बरं, फादर."

शेजारची नोनी पायरीवर मला म्हणाली, "मला तर आधीपासूनच वाटायचं. इतका कोरडा माणूस आतून ओलाच असतो." तिला वाटतं तसं वाटू दे. नोनीला गेल्या वर्षी पोपसुद्धा पितो असं वाटत होतं.

बारमध्ये पोरं त्याच्यापुढे भरला ग्लास ठेवतात म्हणे. "घे मॉसी, आता काय लाजतोस!" तो पैसे ठेवतो आणि ग्लास तसाच टाकून उठतो. तिथे जातोच कशाला? टायग म्हणाला, दिसायला हवं ना की पितो. मला त्याचं बोलणं कळलं नाही. टायगचं अर्धं बोलणं कुणालाच कळत नाही.

१९ फेब्रुवारी

तो दारातून आत आला की मी श्वास ओढते. सवयच आहे. त्याच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास, तंबाखूचा, साबणाचा. दारूचा नाही. कधीच नाही. व्होडका घेत असेल. व्होडकाला वास नसतो म्हणतात.

२० फेब्रुवारी

स्वयंपाकघरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली आईची पिन टांगलेली असते. असायची! आज धूळ पुसताना बघितलं तर खिळा रिकामा. आईची पिनही पायोनियरांचीच, तशीच लाल हृदयाची, फक्त चांदीची. मागची कडी तुटली तेव्हा मॉसीनंच तांब्याच्या तारेनं बांधून दिली होती.

विकली असणार. दारूसाठी आईची पिन विकली! मी काही विचारलं नाही. विचारून आणखी खोटं ऐकायचं?

१ मार्च, गुरुवार

बर्फ. दुपारपासून इतका की समोरची भिंत दिसेना. दुकानातला पाव संपला, बायका पावासाठी भांडल्या. गोदाम बंद. आम्ही दोघं घरात कोंडलेलो.

३ मार्च

दोन दिवस एका शेगडीपाशी. किती वेळ गप्प बसणार? आज त्यानंच विचारलं, "ती नऊ कशी आहेत?"

सांगायचं नव्हतं. पण तोंडातून निघालंच. मधाचं सांगितलं, ते मागून येणं सांगितलं, पाच नंबरात अक्रोड आहे ते सांगितलं. तो हातांवर हनुवटी टेकून ऐकत होता. लहानपणी मी पुस्तक वाचून दाखवायचे तेव्हा ऐकायचा तसा.

"कुठे काही खटकत नाही ना? टायगला घोट दिलास का चाखायला?"

"टायगला काय कळतंय? पण हो, दिला. बाटलीसकट पळवत होता."

हसला. दोन महिन्यांनी हसताना बघितला. "मग झालं," म्हणाला.

माझा जीव गलबलला. म्हणावंसं वाटलं — मॉसी, फादरकडे जा, पुन्हा शपथ घे, आपण दोन वर्षं काढू. पण मनात आईची ती पिन आली आणि मी उठून भांडी घासायला गेले.

५ मार्च, सोमवार

मॉसीला काम मिळालं. कालवांच्या शेतीवर! भरती पार ओसरते तेव्हा गुडघाभर पाण्यात उभं राहून कालवांच्या जाळीच्या पिशव्या उलटायच्या. पंचविशीतल्या पोरांचं काम. बर्फ अजून वितळतंय, पाणी सुरीसारखं. म्हटलं, "मरशील." म्हणाला, "दुसरं कोण ठेवतंय मला?"

खाडीत शेवाळ कुजलंय, मुलं नाक धरून चालतात. मला तर काहीच वाटत नाही. माणसांना चोचले फार.

८ मार्च

ताप. खोकताना छातीवर हात दाबून धरतो. डॉक्टरला बोलावू देत नाही.

१० मार्च, शनिवार

बोलावलाच. डॉक्टरनं पाच मिनिटांत अँब्युलन्स मागवली. दोन्ही फुप्फुसं भरलीत म्हणे. वॉर्डातली नर्स म्हणाली, "तुमचा भाऊ फार हट्टी हो. शर्ट काढू दिला, पण बंडी काढू देईना. आमच्याशी झटापट केली!" लाजाळू आहे तो, मी म्हटलं. बाईमाणसासमोर कधी बाह्या दुमडल्या नाहीत त्यानं.

१२ मार्च

आज ओळखलं मला. हात धरला. त्याचे तळवे फळीसारखे, कडेला हातोडीचा घट्टा. खूप वेळ श्वास जमवत होता.

"ईटे, अंडी कपात फोडत जा."

"बरं."

"आणि नोनीला... नोनीला हुंगायला देत जा."

तापात माणूस काहीही बरळतो. मी म्हटलं, "बरं हो, नोनीला देईन." तो एवढा निवांत झाला की मला वाटलं ताप उतरला.

मी माफ केलंय असं सांगायला हवं होतं. उद्या सांगते.

१३ मार्च

पहाटे गेला. मी रस्त्यात होते.

१६ मार्च, शुक्रवार

पुरलं आईबापांशेजारी. पायोनियर मेला की बाकीचे पायोनियर पिना लावून चर्चच्या दारापासून दुतर्फा उभे राहतात. आईच्या वेळी तीस जण होते. आज कुणी नाही. टायग तेवढा उभा राहिला एका बाजूला, एकटाच, बावळटासारखा. त्याच्याकडे पिनही नाही.

हॉस्पिटलनं कपड्यांची प्लास्टिकची पिशवी दिली. पलंगाखाली सरकवली. नाही उघडवत.

२७ मार्च, मंगळवार

आज नऊही पिंपं एकत्र केली. बोस्टनचा माणूस आला होता. त्यानं घोट घेतला, पेला पुन्हा नाकाशी नेला आणि दुसरा घोट घेतला. मग म्हणाला, "बाई, हे तुम्ही केलंत?" फर्गलनं मला मिठीच मारली. गोदाम वाचलं. लेबलावर माझी सही छापणार आहेत.

घरी आले. खुर्चीवर मॉसीची टोपी. तिथेच बसून रडले, टोपीवर.

१ एप्रिल, ईस्टर

चाळीस दिवसांचा उपास सुटला. ईस्टरला आमच्याकडे अंडी खायची, जितकी जातील तितकी. मॉसी सहा खायचा. टोपलीत त्याच्याच हातची होती, कुंपणातल्या घरट्यातून काढून ठेवलेली. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः फोडली. कपात नाही, सरळ तव्यावर. लोणी, मिरी. घास तोंडाशी नेला आणि नोनी दार ढकलून आत आली, ईस्टरचा केक घेऊन.

तिनं केक टेबलावर टाकला आणि बाहीत नाक खुपसलं.

"ईटे! अगं काय खातेस! ते सडलंय! सगळं घर घाण मारतंय!"

"कसली घाण?"

"वेडी आहेस का? सडक्या अंड्याची! गटारासारखी!"

मी तव्याला नाक लावलं. लोणी. मिरी. आणखी काही नाही.

नोनी ओट्याशी ओकायला आली होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. असं कुणी नाटक करत नाही.

खाली बसले मी. कुजलेलं शेवाळ. सगळं गाव नाक धरतं आणि मी चोचले म्हणते. सत्तावीस वर्षं गोदामात — पण सगळी अमेरिकन पिंपं! तिकडे गंधक जाळत नाहीत. कच्ची दारू भट्टीवाले बघतात, माझ्याकडे येतच नाही. कधी वेळच आली नाही. आली तेव्हा टायगनं बुटांकडे बघितलं.

मॉसी बरोबर होता. चार, सात, नऊ — सडली होती. मला तो वास येतच नाही. जन्मापासून येत नसणार. आणि त्याला हे त्या शनिवारी कळलं, माझ्या नाकाखाली कप धरला तेव्हा. ते अंडं सडकं होतं.

मग बोलला का नाही? डब्लिनचा माणूस आला असता, त्याची नोकरी राहिली असती. मी गेले असते. बरोबर असून त्यानं पिंपं का फोडली? प्यायला म्हणून? दारू चढली की बरोबर माणूसही वाटेल ते करतो. प्यायला तर तो होताच. स्वतःच्या हातानं पिन ठेवली त्यानं टेबलावर. शपथेची पिन कुणी उगाच ठेवतं का?

नोनीला घरी पाठवलं. तवा अंगणात पुरला. तेवढंच सुचलं.

२ एप्रिल, सोमवार

हॉस्पिटलची पिशवी उघडली. बंडीला आतून, काळजाच्या बाजूला, पिन लावलेली. त्याची. एकोणपन्नास वर्षांत रंग उडालेली.

मग खणातलं फर्गलचं पाकीट फोडलं. त्यात आईची पिन. मागे तांब्याची तार.

तो प्यायला नव्हता. कधीच नाही. व्हिस्की नासू नये म्हणून ती तीन फोडली, आणि माझं नाव जाऊ नये म्हणून दारुडा झाला.

'मेले असते,' म्हटलं होतं मी, पेपर वाचता वाचता. त्यानं ते खरं धरलं.

कोट घातलाय. दोन्ही पिना घेऊन फर्गलकडे निघाले.